नेम बोर्डावर, घाव भिंतीवर : घरी डार्ट्स खेळताना भिंत आणि जमीन कशी जपावी?

घरात डार्ट्सचे बोर्ड टांगणे हे दहा मिनिटांचे काम वाटते. एक खिळा, एक बोर्ड आणि तीन बाण एवढे साहित्य पुरते. महिनाभराने मात्र बोर्डाभोवतीची भिंत देवीच्या वणांसारख्या छिद्रांनी भरून जाते, खालच्या फरशीचे टवके उडतात आणि खिळ्याभोवतीचा गिलावा फुगू लागतो. सिमेंटच्या नव्या सदनिकेत हे नुकसान पुट्टीच्या एका हातात झाकता येते. जुन्या घरात तसे होत नाही. बुऱ्हाणपूरसारख्या चुना-विटांच्या जुन्या गावात किंवा गोव्यातील चिऱ्यांच्या वडिलोपार्जित घरात भिंतीचा गिलावा एकदा सुटला की तो पूर्ववत करणारा कारागीर मिळणेही कठीण होते. म्हणून या खेळाची तयारी बोर्डापासून न करता भिंतीपासून करावी.

खेळाची मापे

संरक्षणाचा विचार मापांपासून सुरू होतो. पोलादी टोकाच्या बाणांचे प्रमाणित बोर्ड ४५१ मिलिमीटर व्यासाचे असते. त्याचा मध्यबिंदू जमिनीपासून १७३ सेंटीमीटर उंचीवर येतो. फेकणाऱ्याने उभे राहायची रेषा बोर्डापासून २३७ सेंटीमीटर अंतरावर असते. मऊ टोकाचे बाण वापरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डासाठी हे अंतर २४४ सेंटीमीटर धरतात.

हे अंतर भिंतीपासून मोजायचे नसते, बोर्डाच्या दर्शनी पृष्ठापासून मोजायचे असते. बोर्डामागे लाकडी फळी किंवा स्टँड आला की बोर्ड पुढे सरकते आणि रेषाही तेवढीच मागे न्यावी लागते. पडताळणीची सोपी युक्ती अशी : बोर्डाच्या मध्यापासून रेषेपर्यंत तिरकी दोरी ताणली तर तिची लांबी सुमारे २९३ सेंटीमीटर भरली पाहिजे. फेकणाऱ्याच्या मागे उभे राहण्यापुरती जागा धरली, तर खोलीची मोकळी लांबी किमान साडेतीन मीटर हवी.

बाण चुकतो तेव्हा कुठे जातो

बोर्डाचा खालचा काठ जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर असतो. नवख्या खेळाडूचे चुकलेले बाण बहुतेक बोर्डाच्या खाली आणि दोन्ही बाजूंना लागतात. हात उशिरा सुटला की बाण खाली जातो, लवकर सुटला की वर जातो. म्हणून बोर्डाभोवती मिळणारे तयार गोल कडे सरावलेल्या खेळाडूला पुरते. शिकणाऱ्याला आणि मुलांना त्याहून मोठ्या आडोशाची गरज असते. साधारण १२० सेंटीमीटर लांब-रुंद चौकोन बोर्डाच्या मध्याशी जुळवून लावला, तर भिंतीचा ११३ ते २३३ सेंटीमीटर उंचीचा भाग झाकला जातो. सुरुवातीचे काही आठवडे हा चौकोन आणखी हातभर खाली वाढवलेला बरा.

दुसरा धोका बोर्डावर आपटून परत येणाऱ्या बाणाचा. सुमारे २२ ग्रॅम वजनाचा बाण १७३ सेंटीमीटरवरून खाली पडला, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी २१ किलोमीटरच्या आसपास असतो. वजन थोडे असले तरी सारा आघात सुईएवढ्या टोकावर एकवटतो. चकचकीत टाइलचा वरचा थर त्यामुळेच उडतो.

बुऱ्हाणपूरची भिंत काय सांगते

तापीच्या काठावरचे बुऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांची राजधानी होती. पुढे ते मोगलांचे दख्खनेतील मोठे ठाणे झाले. मुमताजमहलचा मृत्यू १६३१ मध्ये याच गावात झाला. तेथील शाही किल्ल्यातील हमामखान्यात गिलाव्यावर रंगवलेली नक्षी आजही पाहायला मिळते. ती पाहताना एक गोष्ट लक्षात येते. रंग टिकतो तो त्याखालचा चुना टिकला म्हणून. जिथे गिलावा निखळला तिथे नक्षीही गेली, आणि ती जशीच्या तशी परत आणण्याचा मार्ग उरला नाही.

राजवाड्यातील भिंतीचा हा नियम साध्या घरालाही लागू पडतो. जळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या या गावात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. जुन्या वस्त्यांतील चुना-विटांच्या घरांच्या भिंती जाड असतात, पण जाड भिंत म्हणजे कणखर पृष्ठभाग नव्हे. चुन्याचा गिलावा सिमेंटपेक्षा मऊ असतो. तो ओल शोषतो आणि हवेत सोडून देतो. भिंत कोरडी राहते ती या देवाणघेवाणीमुळे. त्यावर जोरात खिळा ठोकला की हादऱ्याने गिलावा आतल्या विटेपासून सुटतो. वरून एकच छिद्र दिसते, आत मात्र हातभर भाग पोकळ झालेला असतो. पहिल्या किंवा दुसऱ्या पावसाळ्यात तो पोपडे होऊन गळतो.

गोव्यातील जुन्या घरांची गोष्टही फार वेगळी नाही. तेथे विटेऐवजी चिरा असतो. चिरा सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात ओल धरतो आणि वरचा चुन्याचा थर ती बाहेर पडू देतो. तो थर फुटला किंवा रबर-प्लास्टिकखाली कोंडला गेला, तर नुकसान सारखेच होते.

आधी भिंत ओळखावी

बोर्डाची जागा ठरवण्यापूर्वी भिंतीची तीन प्रकारे परीक्षा घ्यावी.

पहिली परीक्षा आवाजाची. बोटाच्या पेराने भिंत ठिकठिकाणी वाजवावी. भरीव जागी आवाज घट्ट येतो आणि गिलावा सुटलेला असेल तिथे तो डबडब येतो. असा भाग सापडला तर ती भिंत खेळासाठी वापरू नये.

दुसरी परीक्षा खरवडण्याची. कपाटामागे किंवा दाराच्या कोपऱ्यात, कोणाला दिसणार नाही अशा जागी, खिळ्याच्या टोकाने हलकेच ओरखडा काढावा. पांढरी, मऊ भुकटी पडली तर गिलावा चुन्याचा किंवा पीओपीचा आहे. राखाडी आणि कठीण कण निघाले तर तो सिमेंटचा आहे. वर रंगाचे अनेक हात असतील तर त्याखालपर्यंत जावे लागते.

तिसरी परीक्षा ओलीची. तळापासून वर चढलेले डाग, पांढरा खार, फुगलेला रंग यांपैकी काही दिसले तर त्या भिंतीवर काहीही चिकटवू नये.

विजेच्या बटणांच्या सरळ वर-खाली गिलाव्यातून तारा गेलेल्या असण्याची शक्यता असते, म्हणून तो पट्टा टाळावा. बोर्डाच्या बाजूला खिडकीची काच, दार किंवा देव्हारा नसावा. दोन घरांत सामाईक भिंत असेल तर बाण रुतल्याचा प्रत्येक ठोका पलीकडे ऐकू जातो, हेही ध्यानात घ्यावे.

बोर्ड टांगावे की उभे करावे

सायसलच्या बोर्डाचे वजन साधारण पाच किलो असते. सिमेंटच्या पक्क्या भिंतीत ड्रिलने छिद्र पाडून रावल प्लग बसवला आणि त्यात स्क्रू घातला तर हे वजन सहज पेलते. खिळा ठोकण्यापेक्षा हा मार्ग केव्हाही चांगला, कारण त्यात भिंतीला हादरा कमी बसतो.

चुन्याच्या भिंतीसाठी एकच उत्तर आहे : बोर्ड भिंतीला लावूच नये. त्याला स्वतःच्या पायावर उभे करावे. तीन पायांचे धातूचे स्टँड बाजारात मिळतात. सुताराकडून करून घ्यायचे असेल तर दोन उभ्या पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि मागे तिरका टेकू एवढ्यावर भागते. पाय पुरेसे रुंद असावेत आणि खालच्या आडव्या पट्टीवर वाळूची पिशवी ठेवावी, म्हणजे मुलांचा धक्का लागून सांगाडा कोसळणार नाही. पायांखाली रबराचे तुकडे लावले तर फरशीवर चरे पडत नाहीत.

स्टँड भिंतीपासून निदान दहा सेंटीमीटर पुढे ठेवावे. या मोकळ्या जागेमुळे भिंतीला वारा लागतो, ओल कोंडत नाही आणि ठोक्यांचा आवाजही कमी होतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनाही हीच सोय बरी पडते, कारण घर सोडताना भिंतीवर मागे काही राहत नाही.

भिंतीचे कवच : आतून कठीण, बाहेरून मऊ

पोलादी बाणाचे उघडे टोक तीन सेंटीमीटरहून थोडे अधिक लांब असते. संरक्षणासाठी कोणतेही साहित्य निवडताना हा आकडा लक्षात ठेवावा. दोन सेंटीमीटर जाडीचा मऊ फोम लावला तर बाण त्यात अडकलेला दिसतो, पण त्याचे टोक भिंतीत पोचलेले असते. उलट नुसते प्लायवूड लावले तर भिंत वाचते, पण बाण आपटून मागे उडतो आणि टोक बोथट होते. म्हणून दोन थर हवेत. आत किमान १२ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड असावे आणि त्यावर बाण धरून ठेवणारा मऊ थर असावा.

मऊ थरासाठी पर्याय बरेच आहेत. बोर्डाभोवती बसणारे फोमचे तयार कडे टिकाऊ असते. कॉर्कच्या लाद्या बाण चांगला धरतात, मात्र सतत मारा झाला तर झिजतात. जिमसाठी किंवा मुलांच्या खोलीसाठी मिळणाऱ्या, एकमेकींत अडकणाऱ्या फोमच्या लाद्या स्वस्त पडतात. घरातली जुनी सतरंजी किंवा गोधडी चार पदरी करून प्लायवूडवर ताणून ठोकली, तरी काम होते. सूत आणि कापडाचे माग ज्या गावात दिवसभर चालतात त्या बुऱ्हाणपुरात हा उपाय कोणाला अवघड जाऊ नये.

खोक्यांच्या पुठ्ठ्याचे थर एकमेकांवर चिकटवूनही आडोसा करता येतो. तो काही महिने टिकतो, पण ओल आणि वाळवी यांना आमंत्रण देतो. थर्माकोल टाळावे. दोन-चार दिवसांत त्याचे कण खोलीभर उडतात, आणि ते पटकन पेट घेते.

कवच भिंतीला चिकटवण्यासाठी दुहेरी टेप वापरण्याचा मोह होतो. निमाडच्या उन्हाळ्यात तिचा डिंक मऊ पडून फळी खाली येते. गोव्याच्या पावसाळ्यात तीच टेप सुटताना रंगाचा पापुद्रा सोबत घेऊन जाते. सिमेंटच्या भिंतीवर फळीमागे दोन-तीन सेंटीमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या देऊन चार स्क्रूंनी ती बसवावी. चुन्याच्या भिंतीपुढे तीच फळी स्टँडला जोडावी.

जमीन : कोणत्या फरशीला काय हवे

जमिनीचे प्रकार वेगळे, तसे त्यांचे दुखणेही वेगळे. व्हिट्रिफाईड किंवा सिरॅमिक टाइलचा चकचकीत थर टवका उडून जातो आणि तो बुजवता येत नाही, लादीच बदलावी लागते. शहाबादी आणि कोटा फरशीला बारीक खोक पडतात, पण त्याहून अधिक नुकसान बाणाच्या टोकाचे होते. सिमेंटच्या कोब्यावर, विशेषतः जुन्या लाल कोब्यावर, खड्डे पडतात आणि ते त्याच रंगात भरणे फार कठीण असते. शेणाने सारवलेली जमीन या बाबतीत सर्वांत सहनशील. बाण तीत रुततो, टोक शाबूत राहते आणि पुढच्या सारवणात छिद्र बुजते. जुन्या घरांतील लाकडी माळ्यावर मात्र खेळू नये. फळ्यांत छिद्रे पडतात आणि प्रत्येक पावलागणिक खालच्या खोलीत माती गळते.

फरशीवर अंथरायचे आच्छादन बोर्डाच्या खालून फेकरेषेच्या मागेपर्यंत सलग हवे. ६० सेंटीमीटरच्या फोमच्या पाच लाद्या एका ओळीत जोडल्या तर तीन मीटर लांबीचा पट्टा होतो. २३७ सेंटीमीटरची रेषा आणि पाय ठेवण्याची जागा त्यात बसते. परतलेले बाण बहुधा बोर्डाजवळच पडतात, म्हणून तिकडच्या बाजूला आणखी एक-दोन लाद्या आडव्या जोडून रुंदी वाढवावी. जाडी किमान १० ते १२ मिलिमीटर असावी. योगासनाची चटई चार-सहा मिलिमीटरचीच असल्याने बाण तिच्यातून आरपार जातो. तिचे दोन-तीन पदर केले तर चालते.

रबराचा जाड पट्टा सर्वांत टिकाऊ, पण त्याचा काळा डाग कोब्यावर किंवा पॉलिश केलेल्या दगडावर कायमचा राहू शकतो. त्याखाली जुनी चादर अंथरावी. कोणतेही आच्छादन पावसाळ्यात कायम पसरून ठेवू नये. खेळ संपला की गुंडाळून उभे करावे, नाहीतर खाली ओल साचते आणि कुबट वास येतो. फेकरेषा फरशीवर रंगाने किंवा टेपने न आखता आच्छादनावरच आखावी. म्हणजे अंतर दर वेळी नव्याने मोजावे लागत नाही आणि फरशीही स्वच्छ राहते.

बोर्डाची आणि बाणाची निगा

भिंतीचे अर्धे रक्षण चांगले बोर्ड करते. दर्जेदार बोर्ड सायसलच्या तंतूंचे असते. घायपाताच्या जातीतील या वनस्पतीच्या पानांपासून निघणारे धागे उभे दाबून ते घडवतात. बाण काढला की तंतू पुन्हा जवळ येतात आणि छिद्र मिटते. गुंडाळलेल्या कागदाचे स्वस्त बोर्ड लवकर फाटते. मग बाण रुतत नाही आणि जमिनीकडे जातो.

एल्मच्या लाकडाची जुन्या काळची बोर्डे वाळून तडकू नयेत म्हणून पाण्यात भिजवून ठेवावी लागत. ती सवय सायसलला लावू नये. पाण्याने त्याचे तंतू फुगतात आणि बोर्ड निकामी होते. थेट उन्हापासून आणि ओल्या भिंतीपासूनही ते दूर ठेवावे.

अंकांचे तारेचे कडे सुटे असते ते बोर्ड फिरवता यावे म्हणूनच. वीसच्या घरावर सर्वांचा रोख असल्याने तेथील तंतू आधी झिजतात. आठवड्या-पंधरवड्याने बोर्ड फिरवून कडे पुन्हा जागेवर बसवले तर झीज सारखी होते. फिरवल्यावर वरच्या बाजूला काळे घर येईल आणि त्यावर वीसचा आकडा बसेल, एवढे पाहावे.

बाणाचे टोक बोथट असेल तर ते तारेवरून उडते. ते अति अणकुचीदार असेल किंवा त्यावर फरशीवर पडून आलेला बारीक काटा असेल, तर बाहेर निघताना तंतू ओढले जातात. सहाणेवर किंवा बारीक पॉलिश कागदावर टोक फिरवत घासून गुळगुळीत ठेवावे.

मुले आणि अनवाणी पाय

इंग्लंडच्या ल्यूक लिटलर याने जानेवारी २०२५ मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी डार्ट्सचे जागतिक विजेतेपद मिळवले. तेव्हापासून या खेळाविषयी मुलांची उत्सुकता वाढली असेल तर नवल नाही. तोही अगदी लहानपणी खेळू लागला तो चुंबकी बोर्डावर. लहानग्यांसाठी सुरुवात अशाच बोर्डाने किंवा मऊ टोकाच्या बाणांनी करावी. भिंत आणि फरशी दोन्ही वाचतात. मात्र चुंबक सुटून बाळाच्या तोंडात जाणार नाही, याकडे लक्ष ठेवावे. बोर्ड मुलांच्या उंचीनुसार खाली घेतले तर मागचे कवचही तेवढेच खाली सरकवावे लागते.

आपल्या घरात बहुतेक सारे अनवाणी वावरतात. त्यामुळे जमिनीवर पडून राहिलेला एक बाण भिंतीवरच्या शंभर छिद्रांपेक्षा वाईट ठरू शकतो. खेळताना पायांत चपला असाव्यात. तिन्ही बाण फेकून होईपर्यंत कोणीही रेषेपुढे जाऊ नये, आणि खेळ थांबवताना बाण मोजून डबीत ठेवावेत.

छिद्र पडलेच तर

सिमेंटच्या भिंतीवरील छिद्र पुट्टीने भरून, वाळल्यावर घासून रंगवता येते. चुन्याच्या भिंतीवर हा मार्ग घेऊ नये. सिमेंट चुन्यापेक्षा कठीण असते आणि ओल बाहेर सोडत नाही. भोवतालचा चुना ओल धरतो, सिमेंटचा तुकडा तसाच राहतो आणि काही दिवसांनी त्याच्या कडेने नवी भेग पडते. अशा छिद्रातील सैल कण ब्रशने झाडून जागा पाण्याने ओलसर करावी. भिजवून मुरवलेला चुना आणि बारीक चाळलेली वाळू यांचे मिश्रण पातळ थरांत भरावे. एक थर आवळल्यावर दुसरा द्यावा आणि काही दिवस त्यावर हलके पाणी शिंपडावे. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कठीण होतो, त्यामुळे घाई केली तर तो भुसभुशीत राहतो. वरून प्लास्टिक रंगाऐवजी चुन्याचाच हात द्यावा.

एवढ्या खटाटोपाच्या तुलनेत एक स्टँड, एक प्लायवूडची फळी आणि पाच फोमच्या लाद्या हा सौदा स्वस्तच म्हणावा लागेल. हे तीन जिन्नस बोर्डासोबतच घरात आणावेत आणि पहिला बाण त्यानंतरच फेकावा.